सांगलीतल्या विश्रामबागचा पीएफ-पगाराचा कन्सल्टंट : काम चोख, फी जरा जास्त

आमची कुपवाड एमआयडीसीतली फौंड्री घरच्या मालकीची, हजेरी मस्टरवर, उचल मागितली की शेठ खिशातनं काढून देणार, दिवाळीला पाकीट, अपॉइंटमेंट लेटर वगैरे भानगडच नाही. १९९१ नंतर देश बदलला म्हणतात पण आमच्याकडं एचआर म्हणजे शेठचा मेहुणाच! मग पुण्याच्या ग्रुपनं मेजॉरिटी शेअर घेतले न् सगळं पंचिंगवर आलं, म्हणून या कन्सल्टंटकडं गेलो.

माणूस लय मुरलेला. पहिल्यांदा एकच सांगितलं, शेअर विकले तरी कंपनी तीच, जुनी सर्व्हिस धरायची, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) ५ वर्षं नव्यानं मोजायची नाहीत. पोरांचा निम्मा घोर तिथंच मिटला. पगारस्लिपवर बेसिक, पीएफचे १२ टक्के, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), सगळं सुटं दिसतं. उचल मात्र बंद झाली, आता अर्ज करा न् पुण्याच्या मेलची वाट बघा, त्यात कन्सल्टंट तरी काय करणार.

फी जास्त वाटली. पीएफ-ईएसआयचा भरणा १५ तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळं त्याआधी फोन लागतच नाही, व्हॉट्सॲप टाकून ठेवा.