५०० डिरेक्टरी सबमिशनचं पॅकेज घेतलं होतं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी १ स्टार)

आमचा तारकर्लीला छोटा होमस्टे आहे, ४ खोल्या, दादा आणि आई बघतात आणि वेबसाइट मी पुण्यातून सांभाळते. गेल्या पावसाळ्यात बोटी, स्कुबा सगळं बंद असतं तेव्हा वेळ होता म्हणून गूगलमध्ये वर दिसावं यासाठी दुसऱ्या साइटवरून आमच्या वेबसाइटकडे येणाऱ्या लिंक वाढवायचं मी मनावर घेतलं, आणि एका एजन्सीचं २५०० रुपयांचं पॅकेज घेतलं, ५०० ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये (म्हणजे विषयवार साइटची यादी देणाऱ्या साइटवर) आमच्या साइटची नोंद, १५ दिवसांत रिपोर्ट. नाव लिहीत नाही कारण असं पॅकेज विकणारे खूप आहेत आणि सगळ्यांचं काम साधारण एकाच पद्धतीचं असतं.

रिपोर्ट वेळेवर आला हे खरं, त्याचाच एक स्टार. एक्सेल शीट, ५०० ओळी, प्रत्येक ओळीपुढे हिरव्या रंगात 'सबमिटेड'. सबमिटेड म्हणजे फक्त फॉर्म भरला, लिस्टिंग लागलंच असं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, तुम्ही घेणार असाल तर आधी 'अप्रूव्ह किती होणार आणि लाइव्ह लिंक किती देणार' हे लेखी विचारा. मी चार संध्याकाळी बसून एकेक लिंक उघडली. बऱ्याच उघडतच नाहीत, काहींवर 'पेंडिंग', काही ठिकाणी आधी त्यांची लिंक आपल्या साइटवर लावा मग तुमची लावू अशी अट, आणि ज्या लागल्या त्यातली एक रशियन भाषेतली, एकीवर आमच्या वर एक कॅसिनो आणि खाली वजन कमी करायच्या गोळ्या. सगळीकडे तोच चार ओळींचा मजकूर आणि लिंकवर तेच शब्द, बेस्ट होमस्टे इन तारकर्ली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पण खरा त्रास पुढे झाला. त्यांनी आमचा पत्ता कुठल्या तरी जुन्या पानावरून उचलला होता, त्यात घरचा लँडलाइन नंबर होता जो कधीच बंद केलाय. तो नंबर आता ६०-७० ठिकाणी गेला. इंग्रजीत तारकर्लीचं स्पेलिंग कुठे आयने संपलेलं, कुठे वायने, आणि दोन ठिकाणी तर आम्ही चक्क गोव्यात. गावातल्या धंद्याला नाव, पत्ता, फोन हे तिन्ही सगळीकडे सारखं असणं किती गरजेचं आहे हे ज्याला लोकल सर्चचं, म्हणजे गूगलवर ठरावीक गावातला धंदा शोधण्याचं, थोडंफार माहीत आहे त्याला सांगायला नको, गूगलचं सोडा, दिवाळीत एका कुटुंबाने आल्यावर दादाला सांगितलं की आम्ही दोन दिवस तुमचा नंबर लावत होतो, लागतच नव्हता. ते तरी आले, जे नाही आले ते किती कोण जाणे. आणि काही फॉर्मवर मात्र दादाचा मोबाइल नंबर गेला, तो फोन आईकडे असतो, ती मला फोनवर म्हणाली, "गो, दिवसभर फोन येतत आणि कर्ज व्हया काय म्हणान इचारतत."

एकेकाळी डिरेक्टरी म्हणजे मोठी गोष्ट होती हे मान्य. याहूची डिरेक्टरी १९९४ पासून २०१४ च्या शेवटापर्यंत चालली, तिथे पुढे पुढे धंद्याच्या साइटला वर्षाला २९९ डॉलर द्यावे लागायचे. डीमॉझ ही दुसरी मोठी डिरेक्टरी तर स्वयंसेवक चालवायचे, माणूस साइट उघडून बघायचा मग कॅटेगरीत टाकायचा, ती मार्च २०१७ मध्ये बंद झाली. तिथल्या लिंकला वजन होतं कारण मागे कोणीतरी बघणारा होता. मग लोकांनी फक्त लिंकसाठी हजारो डिरेक्टऱ्या काढल्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट (असल्या लिंक पकडणारा बदल) आल्यावर अशा लिंकवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. गूगलच्या स्पॅमच्या नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांच्या लिंक आजही नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. २०१६ पासून अशा लिंक बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित होतात, म्हणजे आमचे २५०० रुपये गूगलने मोजलेसुद्धा नाहीत, चुकीचा फोन नंबर मात्र माणसांनी वाचला.

दोन महिन्यांनी त्याच एजन्सीचा मेल, तुमच्या साइटला टॉक्सिक (म्हणजे साइटला नुकसान करणाऱ्या) लिंक आहेत, काढून देऊ, ४००० रुपये. मला फार राग आला. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं टूल) मॅन्युअल ॲक्शनचं, म्हणजे गूगलच्या माणसाने साइटवर कारवाई केली असेल तर ती दाखवणारं, पान उघडून बघितलं, काही नव्हतं, म्हणून पैसेही दिले नाहीत आणि डिसअव्हाऊ टूललाही (या लिंक मोजू नका असं गूगलला सांगायचं टूल) हात लावला नाही. तुम्हीही आधी ते पान बघा, फुकट आहे.

मग स्वतः काय केलं तर मोजून ११ ठिकाणी नोंद केली. पहिलं गूगल बिझनेस प्रोफाइल, त्याचं व्हेरिफिकेशन व्हिडिओने झालं, दादाने रस्त्यावरून बोर्ड दाखवत फाटकातून आत येऊन खोलीचं कुलूप उघडेपर्यंत एका दमात शूट केलं, दुसऱ्या प्रयत्नात पास. मग जस्टडायल, दोन प्रवासाच्या साइट, आणि ज्यांच्याकडे आमचे पाहुणे स्कुबाला जातात त्यांच्या साइटवर 'राहायची सोय' या पानावर आमचं नाव. मोठ्या साइटवरच्या लिंकला बहुतेक वेळा नोफॉलो (ही लिंक मोजू नका अशी सर्च इंजिनसाठीची खूण) असतो, असू दे, तिथे खोली शोधणारा माणूस येतो, तो कॅसिनोच्या खाली येत नाही. स्कुबावाल्यांच्या त्या एका लिंकवरून डिसेंबरात ३ बुकिंग आली, त्या ५०० मधून आजपर्यंत एकही नाही.

चुकीचा नंबर काढायला अजून मेल टाकतेय. ज्या पानांवर तो दिसतो त्यांची वेगळी शीट केलीय, सुरुवातीला ६४ होती, आता ३१ उरलीत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी संपर्काचा मेलच बाउन्स होतो. गोव्यातल्या दोन्ही मात्र निघाल्या.