तलावकाठचे पर्यटन : कुंपण, नौकाविहार की पाऊलवाट?

मराठवाड्यातील बहुतेक पाणथळ जागा धरणांनी आणि सिंचन तलावांनी निर्माण केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा काठ वर्षभर सरकत असतो. पर्यटनाचा प्रस्ताव घेऊन बसलेल्या ग्रामसभेने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण दिवाळीनंतर पाणी ओसरून जो गाळ उघडा पडतो, त्याच गाळावर शेतकरी हरभरा, गहू पेरतात आणि त्याच्याच ओल्या कडेला चक्रवाक, पट्टकदंब, रोहित हे पक्षी उतरतात.

काठ पूर्ण बंद करणे हा पर्याय सलीम अली सरोवरासारख्या शहरातल्या लहान जलाशयाला शोभतो. सुमारे 341 चौरस किलोमीटरच्या जायकवाडी अभयारण्याला कुंपण घालणे अशक्य आहे, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांनाच गाळपेऱ्यापासून व मासेमारीपासून दूर लोटणे अन्यायाचेही आहे.

नौकाविहाराचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण त्यातून पैसा लवकर दिसतो. मात्र यांत्रिक होडीने दिवसा पाण्यावर विसावलेले थवे उठतात, मासेमारांच्या जाळ्यांना धोका पोहोचतो आणि शांततेसाठी आलेल्या माणसाची शांतता जाते, ती वेगळीच. शिवाय 2016 मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी धक्का आणि होड्या यांत घातलेले भांडवल चिखलात रुतून बसते.

उरते ती काठावरची पाऊलवाट, एखादा निरीक्षण मनोरा आणि गावातलेच वाटाडे. उत्पन्न थोडे व हंगामी, हे मान्य करूनही मला हाच पर्याय सरस वाटतो. अट एकच : वाटणी जागेची न करता वेळेची करावी. मासेमारांना जाळी टाकण्या-काढण्याची वेळ मोकळी ठेवावी, पाहुण्यांना हिवाळ्यातील सकाळचे ठरावीक तास द्यावेत आणि पाणी जसजसे मागे जाईल तसतशी पाऊलवाटही दरवर्षी नव्याने आखावी. पट्टकदंब कोवळ्या पिकात चरतात, तेव्हा प्रवेशशुल्कातला काही भाग गाळपेरा करणाऱ्यांच्या नुकसानीसाठी राखलाच पाहिजे. नाहीतर पक्ष्यांचा खर्च एकाचा आणि कमाई दुसऱ्याची, असे होईल.

जायकवाडीसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीवाचून यातले काहीच करता येणार नाही. साध्या सिंचन तलावाची अडचण उलटी आहे : सिंचनासाठी बांधलेले जलाशय 2017 च्या पाणथळ नियमांतून वगळलेले असल्याने तेथे त्या नियमांचे संरक्षण मिळत नाही. अशा गावांनी वेळा, शुल्काची वाटणी आणि यांत्रिक होड्यांना मनाई या तिन्ही गोष्टी ग्रामसभेच्या ठरावात लिहाव्यात, आणि त्याच अटी जलसंपदा विभागाच्या परवानगीत घालून घ्याव्यात.