बालीहून एका रात्रीत इजेन: पॅकेज घ्यावं का?

कुटा, उबुद भागातल्या ट्रॅव्हलवाल्यांकडे ‘इजेन ब्लू फायर’ची एका रात्रीची सहल सर्रास मिळते. संध्याकाळी हॉटेलवरून उचलतात, दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणून सोडतात. कावाह इजेन हा जावा बेटाच्या पूर्व टोकाचा जागृत ज्वालामुखी, आणि त्याच्या विवरात रात्री दिसणारी निळी ज्योत म्हणजे ‘ब्लू फायर’. जागा पाहण्यासारखी आहे, यात वादच नाही. पण बालीहून एका रात्रीत उरकायची ही सहल बहुतेकांनी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी वेळेचं गणित मांडू. कुट्याहून रात्री 8 ला निघालेली गाडी साधारण चार तासांनी बालीच्या पश्चिम टोकाच्या गिलीमानुकच्या धक्क्यावर पोचते. तिथून जावाच्या केतापांग बंदरापर्यंत फेरी, चढण्या-उतरण्यासकट तासभर. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे आहे, त्यामुळे हा तास जाताना परत मिळतो (येताना जातो). पुढे पायथ्याच्या पालतुदिंगला पोचायला सव्वा-दीड तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर स्थानिक वेळेनुसार रात्री सव्वा-दीडला तुम्ही गेटवर असता, आणि गेट उघडतं 2 ला. विवराच्या कड्यापर्यंत दीड ते दोन तास, तिथून विवरात उतरायला अर्धा-पाऊण तास. निळी ज्योत फक्त अंधारात दिसते आणि साडेचारनंतर फटफटायला लागतं. हातात उरतो अर्धा तास. फेरीला रांग लागली किंवा गटातला एकजण मागे रेंगाळला, की तोही गेला. शिवाय चढताना तुम्ही रात्रभर न झोपलेले, आणि परतीच्या प्रवासात ड्रायव्हरचीही तीच गत.

त्यापेक्षा आदल्या दुपारीच समुद्र ओलांडा, बान्यूवांगीत किंवा डोंगराखालच्या लिचीन भागात मुक्काम करा, रात्री 8 ला झोपा आणि साडेबाराला निघा. खोलीचं भाडं जास्तीचं पडतं, पण ते वसूल होतं. जावावरचा ब्रोमो ज्वालामुखीही करायचा असेल तर सुराबाया शहरातून सुरुवात करून ब्रोमो, मग इजेन आणि शेवटी फेरीने बाली हा क्रम सोयीचा. उलट येण्याचा त्रास वाचतो.

नेमकं काय दिसतं, ते आधीच समजून घ्या. इथे लाल लाव्हा वाहत नाही. विवराच्या तळाशी खडकाच्या भेगांतून गंधकयुक्त वायू 600 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाला बाहेर पडतात, हवेशी गाठ पडली की पेटतात आणि निळे जळतात. फोटोत दिसतो तो लखलखाट कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं ठेवून मिळवलेला असतो. डोळ्यांना ज्योत फिकी दिसते, आणि धुराचा लोट मध्ये आला की काहीच दिसत नाही. उजाडल्यावर दिसतं ते सरोवर मात्र फोटोपेक्षा सरस: जवळजवळ किलोमीटरभर रुंद, हिरवट निळं, आणि पीएच 0.5 च्याही खाली, म्हणजे जहाल आम्लच. पाण्यात हात घालायचा मोह आवरा.

चढाचं म्हणाल तर पालतुदिंग सुमारे 1,850 मीटरवर, कडा त्याच्या 500 मीटर वर, अंतर 3 किलोमीटर. कळसूबाई चढून आलेल्याला हे अंगावर येणार नाही. पहिले दोन किलोमीटर खडे, शेवटचा बराच सपाट. वाट रुंद आहे पण भुसभुशीत, त्यामुळे उतरताना पाय घसरतो. झिजलेल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी दोन-तीन माणसांनी ओढायच्या हातगाड्या असतात. भाव एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हे बसण्याआधी ठरवा. त्या कड्यापर्यंतच जातात.

खरा प्रश्न आहे मास्कचा, आणि बहुतेक पॅकेजं इथेच हात आखडतात. ‘गॅस मास्क समाविष्ट’ एवढं छापलेलं पुरेसं नाही. कापडी किंवा एन-95 मास्क धूळ अडवतो, सल्फर डायऑक्साइड नाही. नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धमुखी मास्क हवा आणि त्याला आम्ल वायूंसाठीचे फिल्टर हवेत. युरोपीय मानकाच्या फिल्टरवर पिवळा पट्टा आणि ‘ई’ हे अक्षर असतं. नुसता पांढरा पट्टा म्हणजे धुळीचा फिल्टर. मास्क हातात आला की गाडीतच तपासा: दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर ठीक, कडेने हवा आली तर पट्टे आवळा किंवा दुसरा मागा. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. घालूनही घशात जळजळ होत असेल तर फिल्टर संपलाय, सरळ वर या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, चांदीचे दागिने हॉटेलवर ठेवा, काळे पडतात. दमा असलेल्यांनी विवरात उतरूच नये. सल्फर डायऑक्साइड अगदी थोडा असला तरी श्वासनलिका आवळतो. मार्च 2018 मध्ये अचानक सुटलेल्या वायूमुळे आसपासच्या गावांतल्या लोकांना रुग्णालयात हलवावं लागलं होतं, तेव्हा हा नुसता कागदोपत्री धोका नाही.

कड्यावर ‘खाली उतरू नये’ अशी पाटी आहे, आणि तिच्या शेजारूनच गाइड लोकांना खाली नेतात. वाट दगडांची, अरुंद, बहुतेक ठिकाणी कठड्याविना. याच वाटेने गंधक काढणारे कामगार 70 ते 90 किलोची कावड खांद्यावर घेऊन वर येतात. ते दिसले की डोंगराच्या बाजूला सरकून थांबा. दरीच्या बाजूला नाही. तोंडावर बॅटरी मारू नका आणि फोटो विचारून काढा. तळाशी त्यांनी वायू नळ्यांतून वळवलेला असतो. नळीच्या तोंडाशी गंधक लालसर पातळ ठिबकतं, थंड होताना पिवळं धरतं, मग पहारीने फोडतात. निळ्या ज्योतीपेक्षा हे पाहणं जास्त मोलाचं, असं आम्हाला वाटतं. वर आल्यावर कड्याच्या टोकाशी फोटोसाठी मागे मागे सरकू नका. एप्रिल 2024 मध्ये अशीच एक पर्यटक तोल जाऊन खाली पडली आणि मरण पावली.

पॅकेज ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: परदेशी नागरिकाचं प्रवेश तिकीट धरलंय का, गाइड विवरात उतरणार का, वैद्यकीय प्रमाणपत्राची सोय कोण करणार (त्याशिवाय आत सोडत नाहीत), आणि विवर बंद असल्यास किती पैसे परत. ज्वालामुखीचा इशारा चारपैकी दुसऱ्या पातळीवर गेला तरी खाली उतरणं बंद होऊ शकतं. महिन्याचा पहिला शुक्रवार टाळा, त्या दिवशी डोंगर बंद ठेवतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा, पण जुलै-ऑगस्टमध्ये पायथ्याशीही कडाक्याची थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट दोन्ही घ्या. पायथ्याच्या टपऱ्यांवर चहा, केळ्याची भजी, नूडल्स मिळतात. कट्टर शाकाहारींनी चिक्की-चिवडा जवळ ठेवावा.

वाटेत गंधकाची छोटी कासवं विकायला असतात. कामगाराच्या हातात चार पैसे पडतात म्हणून जरूर घ्या, पण विमानात नेऊ नका. गंधक ज्वालाग्राही आहे, सामान तपासणीत काढून घेतील.