आई परदेशात, आपण पुण्यात: तिच्याजवळ राहायला जायचं तर कुठला व्हिसा?

नेटवर शोधाल तर सगळी माहिती उलट्या दिशेची मिळते, मुलगा तिकडे आणि आईबाबा कोथरूडला, त्यांना कसं न्यायचं. पण पुण्यात आता दुसरी केसही बऱ्याच घरांत आहे. आई दादाकडे नातवंडं सांभाळायला गेली, तिकडचीच झाली, आता ऐंशीला टेकली, दादा-वहिनी दोघं नोकरीवर, आणि इकडची लेक म्हणतेय की मी जाऊन राहते ना तिच्याजवळ. तिच्यासाठी हे. आईची काळजी घ्यायला म्हणून वेगळा व्हिसा अमेरिका, कॅनडा, यूके यातलं कोणीच देत नाही, त्यामुळे आहे त्यातलंच निवडायचं.

अमेरिकेसाठी लोक दोन गोष्टी बघतात, बी-२ व्हिजिटर आणि आईने भरायची आय-१३० पिटिशन, म्हणजे मुलांना ग्रीन कार्डवर कायमचं बोलवून घ्यायचा अर्ज. बी-२ आपल्याला मिळाला तर बहुतेक १० वर्षांचा मिळतो, पण राहायला एका वेळी साधारण ६ महिनेच. तिकडे उतरल्यावर काउंटरवरचा ऑफिसर विचारतो कशाला आलात, किती दिवस, आणि तारीख ठरवतो. ती आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर येते, नेटवरून काढून बघायची, तीच खरी, पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची एक्सपायरी नाही! आय-५३९ हा फॉर्म भरून मुदत वाढवून मागता येते, पण सहा महिने राहून पुण्यात पंधरा दिवस तोंड दाखवून परत गेलात की ऑफिसरला वाटणारच ही बाई इथेच मुक्काम ठोकून आहे, आणि मग एअरपोर्टवरूनही परत पाठवू शकतात. आईला आंघोळ घालणं, डॉक्टरकडे नेणं यात काही वावगं नाही, फक्त त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, सख्ख्या भावाकडूनसुद्धा नाही.

पिटिशन ऐकायला भारी वाटते पण खरी गोम तिथेच आहे. आईकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ती फक्त लग्न न झालेल्या मुलामुलींसाठी भरू शकते, आणि मध्येच लग्न केलंत तर केस तिथेच संपली. लग्न झालेल्यांसाठी आई सिटिझन पाहिजे, त्या कॅटेगरीला एफ३ म्हणतात, आणि २०२५ संपताना भारतातल्या लोकांचे २०११ च्या सुमाराला भरलेले नंबर लागत होते. म्हणजे आज भरली तर निदान चौदा वर्षं धरून चाला, तेव्हा आई किती वर्षांची असेल ते तुम्हीच मोजा. वाईट वाटतं लिहायला, पण नंबर लागायच्या आधी आई गेली तर पिटिशन आपोआप रद्द होते. आधी मंजूर झालेली असेल तर माणुसकीच्या कारणावर परत चालू करा म्हणून विनंती करता येते, घरातला दुसरा स्पॉन्सर दाखवून, पण ते सगळं त्यांच्या मर्जीवर.

अजून एक, हे एजंट क्वचितच सांगतात. बी-२ साठी भरायच्या डीएस-१६० या अर्जाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो की तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलीय का. खरं तेच लिहायचं, पण 'हो' लिहिलं की मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या इंटरव्ह्यूला तुम्ही परत येणार हे पटवणं अवघड होतं. म्हणून आई पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर माझं मत, आधी बी-२ काढून घ्या, पिटिशनचं नंतर बघा.

हिंजवडीत मोठ्या कंपनीत असाल तर एल-१ ची, म्हणजे कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीवर जायच्या व्हिसाची, चौकशी आधी करा. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष कंपनीत काम झालेलं हवं, पद मॅनेजरचं किंवा कंपनीचं खास ज्ञान लागणारं हवं, आणि यात पिटिशन आड येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं आत्ता विचारूच नका, सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावलेत, कोण भरणार.

कॅनडाचा सुपर व्हिसा (लांब मुक्कामाचा व्हिजिटर व्हिसा) आईबापांसाठी असतो, मुलांसाठी नाही. व्हिजिटर म्हणून तिथेही सहसा ६ महिने. गंमत म्हणजे एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंटवर कायमचं जायच्या रस्त्यात, सख्खा भाऊ तिथे पीआर (कायमचा रहिवासी) किंवा सिटिझन असेल तर १५ पॉइंट जास्त मिळतात, आईचे शून्य. यूकेतही व्हिजिटरला ६ महिनेच, आणि केअर वर्कर म्हणून जायचा रस्ता जुलै २०२५ मध्ये नव्या लोकांना बंद झाला. पण या दोन्ही देशांत व्हिजिटर असताना लॅपटॉपवर आपल्या पुण्याच्या ऑफिसचं काम करता येतं (यूकेत तेच जाण्याचं मुख्य कारण नसावं), त्यामुळे वर्क फ्रॉम होमवाल्यांना हे अमेरिकेपेक्षा सोपं पडतं.

ऑस्ट्रेलियात मात्र खरोखर केअरर व्हिसा आहे, बाहेरून अर्ज केला तर सबक्लास ११६. आईच्या आजारपणाचं त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट लागतं, आणि तिथल्या दुसऱ्या नातेवाइकाला किंवा नर्सिंग सेवेला हे जमत नाही हे दाखवावं लागतं. भाऊ तिथेच असेल तर पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार. वेटिंगही वर्षानुवर्षं.

आणि आईलाच पुण्याला आणायचं ठरलं तर ती तिकडची सिटिझन असल्यास ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) काढा, हवं तितकं राहता येतं. ग्रीन कार्डवाली असेल तर निघायच्या आधी तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा (अमेरिकेत परत यायच्या परवानगीचा) अर्ज भरून टाका, ते जास्तीत जास्त २ वर्षांचं मिळतं, नाहीतर वर्षभराच्या वर इकडे राहिली की कार्ड धोक्यात. मेडिकेअर (अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) इकडे चालत नाही, तेव्हा हॉस्पिटलचा खर्च कोण किती उचलणार हे भावंडांनी तिकीट काढायच्या आधीच बोलून घ्या.