अँकी आणि इंग्रजीतले अनवट शब्द : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजीतले नेहमीचे शब्द वाचता वाचता अंगवळणी पडतात. अनवट शब्दांचं तसं होत नाही. आज अर्थ पाहिलेला शब्द पुन्हा समोर येईपर्यंत मधे इतके दिवस जातात की सगळं पुसलं जातं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिलं होतं की उजळणी नसेल तर विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. अँकी हे प्रश्न-उत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप नेमकं इथे उपयोगी पडतं. शब्द आठवला तर त्याचं कार्ड पुढच्या वेळी जास्त दिवसांनी येतं, अडलात तर लवकर.

माझा ठाम सल्ला : दुर्मिळ शब्दांचे तयार संच घेऊ नका. अर्थ पाठ होतो, पण शब्द कुठे शोभतो ते कळत नाही. स्वतः वाचलेलं अख्खं वाक्य कार्डावर घ्या, शब्दाच्या जागी गाळलेली जागा ठेवा आणि मागच्या बाजूला व्युत्पत्ती लिहा.

व्युत्पत्तीचा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. 'पेट्रिकोर' म्हणजे कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणारा गंध. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर'मधल्या लेखात हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये 'पेट्रा' म्हणजे खडक, आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. एवढं कळल्यावर तो पुन्हा पाठ करावा लागत नाही! 'डीफेनेस्ट्रेशन' म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणं. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यातून अधिकाऱ्यांना असं फेकलं गेलं (ते वाचले) आणि तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं. त्यातला लॅटिन 'फेनेस्ट्रा' ओळखीचा झाला की वास्तुकलेतलं 'फेनेस्ट्रेशन' आपोआप उलगडतं, जर्मन 'फेन्स्टर'सुद्धा. एका कार्डावर तीन शब्द.

उच्चाराचा ऑडिओ मात्र जोडाच. 'एपिटमी', 'सेग्वे' यांची स्पेलिंगं पाहून उच्चाराचा अंदाज हमखास चुकतो.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. दिवसाला वीस नवी कार्डं हे मूळ सेटिंग अशा शब्दांसाठी फार आहे. तीन-चार पुरेत, नाहीतर थोडा खंड पडला तरी उजळणीचा ढीग साचतो.

वाचताना पडलेला फरक मला खरोखर आनंद देतो. निबंधात 'क्रेपस्क्युलर' आला की आता न थांबता पुढे जाता येतं, संधिप्रकाशाची छटाही निसटत नाही. बोलण्यात असे शब्द मी क्वचितच आणते, कारण ऐकणाऱ्याला अडखळायला लावणं मला पटत नाही. शब्दकोशात 'आर्केइक' किंवा 'ऑब्सलीट' अशी खूण असलेल्या शब्दांची कार्डं मी करतच नाही. त्यांच्याशी गाठ जुन्या ग्रंथांतच पडते, आणि तिथे तळटीप बहुधा असतेच.