आखाती गाईडबुक पाच महिने वापरल्यावर: ‘अरबांचा स्वभाव’ हे प्रकरण

नकाशे आणि बस-टॅक्सीची पानं चोख आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. घोळ आहे तो ‘अरबांचा स्वभाव’ या प्रकरणात. मस्कत आणि दुबईत पाच महिने हाताशी ठेवल्यावरचं मत असं: पुस्तक ‘काय करायचं’ सांगतं तिथे उपयोगी पडतं, ‘अरब असे असतात’ म्हणायला लागलं की गंडवतं.

घासाघीसच घ्या. म्हणे ती अरबांच्या रक्तातच असते, निम्म्या किमतीपासून सुरुवात करा. मस्कतच्या मत्रह सूकमध्ये (सूक म्हणजे बाजार) गल्ल्यावर कित्येकदा केरळचा नाहीतर बांगलादेशचा माणूस बसलेला असतो. आता रक्त कुणाचं धरायचं? दुबईत देराच्या गोल्ड सूकमध्ये तर हा सल्ला साफ आपटतो. सोन्याचा ग्रॅमचा भाव रोज ठरतो, त्यावर हुज्जत घालून काही हलत नाही. सुटतं ते घडणावळीत. आधी वजन, मग त्या दिवसाचा २२ कॅरेटचा भाव, मग घडणावळ, असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा आणि बोलणी फक्त शेवटच्यावर करा. आपल्या सराफाकडे करतो तसंच की!

कॉफीचं पान अर्धं बरोबर आहे. ‘नाकारली तर अपमान, तीन कप सक्तीचे’ वाचून माणूस उगाच धास्तावतो. फिंजान म्हणजे बिनकानाची इवलीशी वाटीच, तीही पाव-एक भरतात. उजव्या हाताने घ्यायची. रिकामी नुसती पुढे केली की पुन्हा भरली जाते, नवखे इथेच अडकतात. पुरे असेल तर मनगटातून दोनदा हलवून परत द्यायची. तीन कुणी मोजत नाही. फोटो मात्र काळ्याकुट्ट तुर्की कॉफीचा छापलाय. ओमानी कहवा वेगळा, वेलदोड्याचा.

‘इन्शाअल्ला (देवाची इच्छा असेल तर) म्हणजे नाही’ हेही असंच अर्धं बरोबर. आपल्या ‘बघतो’सारखं ते कधी हो असतं, कधी टाळाटाळ. वार आणि वेळ विचारली की उलगडतं.

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीचं पान जपून ठेवा: बिगरमुस्लिमांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११, बायकांनी केस, हात, पाय झाकलेले.

घेणारच असाल तर आवृत्तीचं साल बघा. ‘अरब देशांत शुक्रवार-शनिवार सुट्टी’ हे ओमानात चालतं, पण अमिरातीच्या सरकारी कचेऱ्या जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार बंद असतात आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात तर तिन्ही दिवस टाळं.

पाचपैकी अडीच, त्यातले दोन नकाशांचे.