दोन हजार भरले आणि परक्याचं कर्ज माझं झालं

एप्रिल २०२४. वार्षिक परीक्षेचे दिवस, ऑफिसात पेपरांचे गठ्ठे, आणि सकाळपासून एका मुलाचे फोनवर फोन. "मॅडम, तुमचं फायनान्सचं थकलंय. दोन हजार भरा, फाइल बंद करतो." मला वाटलं, दसऱ्याला घेतलेल्या फ्रिजचा एखादा दंड राहिला असेल. हप्ते तर वेळेवर जात होते, पण या कंपन्या कशाचा दंड लावतील याचा नेम नाही. त्याने लिंक पाठवली, मी मधल्या सुट्टीत पैसे भरले आणि पुन्हा गठ्ठे बांधायला लागले. कुठल्या कर्जाचे, हे विचारलंसुद्धा नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. वीस वर्षं लोकांचे दाखले तपासते, पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडू नका असं पालकांना बजावते. त्या दिवशी मात्र लिंक कुणाची, खाते क्रमांक काय, काही पाहिलं नाही.

जूनमध्ये मुलाचा सीईटीचा निकाल लागला आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. सहकर्जदार मी. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं आणि आवाज खाली केला. "तुमचं सिबिल खराब आहे. मोबाइलचं कर्ज थकलंय." मी हसले. माझा मोबाइल भावाने दिलेला, तोही जुना.

घरी येऊन रिपोर्ट काढला. सिबिल हे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवून तिच्यावर गुण देणाऱ्या एका कंपनीचं नाव, पण आपण अशा सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपणच आपला रिपोर्ट पाहिला तर गुण कमी होत नाहीत; ही भीती उगाच पसरलेली आहे. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. माझे ६१८.

फ्रिजच्या कर्जाच्या खाली आणखी एक कर्ज होतं. त्याच कंपनीचं, त्याच तारखेचं, ४१,९८८ रुपयांचं. महिन्यांच्या चौकटीत थकलेले दिवस लिहिलेले : शून्य, शून्य, मग २८, ५९, ८८. वर माझ्या नावापुढे दोन मोबाइल नंबर. एक माझा, दुसरा मी आयुष्यात न पाहिलेला. हा वरचा भाग लोक वाचतच नाहीत, थेट गुणांकडे जातात. अनोळखी नंबर, अनोळखी पत्ता दिसला की तिथेच थांबावं.

मग दसऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आला. २४ ऑक्टोबर २०२३, कराडचं दुकान, पाय ठेवायला जागा नाही. फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा फार गोड बोलणारा. "ताई, फोटो ब्लर आला, परत काढतो." "सर्व्हर डाऊन आहे, परत एक ओटीपी येईल तो सांगा." आधारचा ओटीपी मी दोनदा सांगितला. झेरॉक्सही दोन दिल्या. पहिल्या वेळी फ्रिजचं कर्ज झालं. दुसऱ्या वेळी माझ्याच कागदांवर मोबाइलचं झालं. फक्त संपर्काचा नंबर आणि हप्ते कापायचं खातं दुसऱ्याचं. पहिले दोन हप्ते त्या खात्यातून गेले, म्हणून कुणाला संशय आला नाही. नंतर खातं कोरडं. असं झालं असणार, हे मला पुढे कागद हातात आल्यावर जुळवता आलं. तेव्हा फक्त पोटात गोळा होता.

त्या घाबरलेल्या अवस्थेत मी एस. टी. स्टँडजवळच्या 'सिबिल दुरुस्ती'वाल्याकडे गेले. त्याने ३,५०० रुपये घेतले आणि सल्ला दिला, "पंधरा हजारांत सेटल करा, मिटवून टाका." बँकेच्या साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. सेटल केलेलं कर्ज रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असंच लिहिलं जातं. म्हणजे कर्ज घेतलं होतं, पूर्ण फेडलं नाही, असा त्याचा अर्थ. न घेतलेल्या कर्जावर पंधरा हजार भरून वर डाग विकत घ्यायचा. रिपोर्टमधली नोंद बदलायला त्या कंपन्या कर्ज देणाऱ्याचा होकार मागतात; स्टँडवरच्या माणसाच्या हातात काही नसतं. तो जो अर्ज भरतो, तो आपण घरी बसून फुकट भरू शकतो. साडेतीन हजार गेले ते गेले.

मग मी माझ्या कामावर आले. फाइल उघडली, आवक-जावकची वही घातली.

२४ जूनला दोन तक्रारी केल्या : एक रिपोर्टच्या कंपनीकडे ऑनलाइन, 'हे खाते माझे नाही' या प्रकारात, आणि एक कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने व रजिस्टर पोस्टाने. पत्रात रडगाणं लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच : "सदर कर्ज मी घेतलेले नाही, ते मला अमान्य आहे. दि. ८ एप्रिल रोजी भरलेले २,००० रुपये दुसऱ्या कर्जाचा दंड समजून भरले असून ती या कर्जाची कबुली समजू नये. पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात : करारपत्र, केवायसी, वस्तूचे बिल व आयएमईआय (मोबाइलचा ओळख) क्रमांक, वस्तू ताब्यात घेतल्याची सही, आणि हप्त्यांसाठी नोंदवलेल्या बँक खात्याचा तपशील." आधी कागद मागायचे. ज्याचं येणं आहे म्हणतो त्याने दाखवावं.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. हवालदार म्हणाले, आधी कंपनीचं पत्र आणा. मी म्हटलं, आणीन, पण आज अर्जावर शिक्का द्या. पाऊण तास बाकावर बसले, शिक्का घेऊनच उठले. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली, तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहिला. आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार कधी वापरलं याची यादी मिळते, पण ती सहा महिन्यांचीच. माझी तारीख निघून गेली होती. सुदैवाने मी फोनमधले मेसेज कधी पुसत नाही (मुलगा यावरून मला हसतो). त्यात २४ ऑक्टोबरचे दोन ओटीपी सापडले, अकरा मिनिटांच्या अंतराने.

इकडे वसुलीवाले थांबले नव्हते. रात्री साडेआठला फोन. एकदा तर मुख्याध्यापिका बाईंना फोन करून "तुमच्या क्लार्क कर्जबुडव्या आहेत" असं सांगितलं. बाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा मला मान वर करवेना. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलेलं आहे. हे कळल्यावर मी भांडणं बंद केलं आणि प्रत्येक फोनची वेळ वहीत मांडली. मग व्हॉट्सॲपवर 'लोकअदालत नोटीस' आली, तांबडा शिक्का वगैरे. शाळेतल्या एका सरांचे मेहुणे वकील. ते म्हणाले, लोकअदालतीत दोघांची संमती असेल तरच तडजोड होते, तिथे कुणाला अटक होत नाही. तीही फाइलला लावली.

कंपनीकडून लेखी उत्तर नाहीच. एक फोन आला, आणि त्यात ते वाक्य आलं ज्याची मला भीती होती. "मॅडम, कर्ज तुमचं नाही म्हणता, मग दोन हजार का भरले?"

एवढे ऐकून घेतलेले अपमान एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला. त्यांच्याकडे माझ्याविरुद्ध जो एकमेव भक्कम कागद होता, तो मीच मधल्या सुट्टीत तयार करून दिला होता. ब्याद टळावी म्हणून भरलेला रुपया त्यांच्या वहीत 'कर्जदाराने भरणा केला' म्हणून बसतो.

तक्रार निकाली काढायला कंपनीला मिळणारे तीस दिवस २४ जुलैला संपले. २६ तारखेला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर मराठीतूनही विचारता येतं. आधी कंपनीकडे केलेली तक्रार आणि तिची तारीख मात्र दाखवावी लागते. म्हणून म्हणते, फोनवर कितीही तक्रारी करा, तारीख कागदाला असते.

पुढच्या आठवड्यात मागितलेले कागद आले. बिल सांगलीच्या एका मोबाइल दुकानाचं. त्या दिवशी मी कराडच्या पुढे गेलेच नव्हते. हप्त्यांचं खातं कुणा परक्या माणसाच्या नावावर. कर्जदार एक, खातं दुसऱ्याचं, आणि हे कुणी तपासलं नाही! वस्तू मिळाल्याच्या पावतीवर माझी इंग्रजीत ऐटबाज सही. मी नोकरीला लागल्यापासून सही मराठीत करते; सर्व्हिस बुकपासून फ्रिजच्या फॉर्मपर्यंत. दोन्ही सह्या एका कागदावर शेजारी शेजारी लावून पाठवल्या.

१९ ऑगस्टला नोंद निघाली. कर्जाबरोबर तो अनोळखी नंबर आणि त्या दिवशीची जास्तीची चौकशीची नोंदही (कर्ज देताना कंपनी आपला रिपोर्ट पाहते, तिची) काढायला लावली. लोक ही शेवटची विसरतात. मुलाचं कर्ज सप्टेंबरात मंजूर झालं. तोवर प्रवेशाची फी माझ्या पाटल्या गहाण ठेवून भरली होती.

तक्रार तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माझे सव्वीस दिवस झाले. मागितल्यावर २,६०० रुपये खात्यावर आले, मागितल्याशिवाय नाही.

फायनान्सच्या टेबलावर आता दुसरा मुलगा बसतो. आधीचा कुठे गेला, दुकानदाराला माहीत नाही म्हणे. मी झेरॉक्स देते तेव्हा तिच्यावर आडवं लिहिते, 'फक्त अमुक कामासाठी', तारखेसह, अक्षरं फोटोवरून जातील अशी. आधारची आकडे झाकलेली प्रत चालते, तीच देते. चार कंपन्यांचे चार रिपोर्ट एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एक काढते.

ते २,००० रुपये अजून परत आलेले नाहीत. कंपनीचं म्हणणं, कर्जखातंच रद्द झालं, तर परतावा कुठल्या खात्यातून दाखवायचा? तिसरं स्मरणपत्र परवा गेलं. जावक क्रमांक ४१.